मोळीभर हक्क : चांद्याच्या जंगलातील सरपणाचा इतिहास

१/२०
चंद्रपूर किंवा गडचिरोली जिल्ह्यातील कोणत्याही वनालगतच्या रस्त्यावर सकाळी दहा-अकराच्या सुमारास एक दृश्य हमखास दिसते. चार-सहा स्त्रिया एकामागे एक चालत असतात आणि प्रत्येकीच्या डोक्यावर वाळक्या लाकडाची मोळी असते. ही मोळी म्हणजे त्यांचा हक्क आहे, सरकारने दिलेली सवलत आहे, की गुन्हा? गेल्या एकशे साठ वर्षांत कायद्याने या प्रश्नाची तिन्ही उत्तरे दिली. या काळात मोळी बदलली नाही, तिच्याकडे पाहणारी राजवट मात्र बदलत गेली. हा थ्रेड त्या मोळीच्या इतिहासाविषयी.

२/२०
प्रथम लाकडाविषयी. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. असे लाकूड चुलीत घातले की आगीची बरीचशी उष्णता त्या पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. जाळ धरत नाही, धूर मात्र भरपूर होतो. म्हणूनच थंड व दमट देशांत कठीण जातीचे लाकूड भट्टीत वाळवून घरगुती शेगड्यांसाठी विकले जाते. इंग्लंडमध्ये तर १ मे २०२१ पासून दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा, असा नियम लागू झाला. तेथे कोरडेपणा हा बाजारात किंमत मोजून मिळणारा गुण आहे.

३/२०
चांद्याच्या मुलखात ही भट्टी आकाशात पेटलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते, पानगळीचे जंगल उघडे पडते आणि झाडावरच मेलेल्या फांद्या हाताने मोडाव्यात इतक्या कोरड्या होतात. सरपण वेचणारी स्त्री लाकडाचे वजन हाताने जोखते आणि मोडताना होणाऱ्या आवाजावरून त्याचा कोरडेपणा ओळखते. धावडा, ऐन, तेंदू यांचा निखारा टिकतो. सालई आणि पळस भराभर जळून जातात. मोहाचे झाड सरपणासाठी तोडायचे नाही, कारण त्याची फुले आणि फळे घर चालवतात. पावसाळ्याची बेगमी मृगापूर्वी घराच्या वळचणीला रचलेली असावी लागते. ती चुकली, तर चार महिने चूल धुमसत राहते.

४/२०
यातील एक बाब पुढील संपूर्ण इतिहास समजण्यासाठी लक्षात ठेवावी. घरच्या चुलीला हिरवे झाड नको असते. तिला हवे असते मेलेले, पडलेले, वाळलेले लाकूड. म्हणजेच गावाची गरज प्रामुख्याने जंगलाने स्वतःहून टाकून दिलेल्या भागावर भागत होती. मग हेच लाकूड उचलणे कायद्याच्या कक्षेत कसे आले? त्यासाठी एका जुन्या शब्दापासून सुरुवात करावी लागते. तो शब्द म्हणजे 'निस्तार'.

५/२०
'निस्तार' म्हणजे पार पडणे, अडचणीतून तरून जाणे. 'निस्तरणे' हे क्रियापद आजही मराठीत रूढ आहे. विदर्भ आणि छत्तीसगडच्या ग्रामव्यवहारात मात्र या शब्दाला नेमका अर्थ आला. गावाचे दैनंदिन जीवन निभावण्यासाठी भोवतालच्या जमिनीतून, जंगलातून व पाण्यातून जे घ्यावे लागते, तो निस्तार. चुलीचे सरपण, नांगराचे लाकूड, घराच्या बल्ल्या, कुंपणाचे काटे, छपराचे गवत, जनावरांची चराई, असे सारे त्यात येते. यातील प्रत्येक गोष्ट क्षुल्लक वाटते. पण त्या सगळ्या एकत्र काढून घेतल्या, तर गाव उभेच राहू शकत नाही.

६/२०
चांद्यावर शतकानुशतके गोंड राजांचे राज्य होते. अठराव्या शतकाच्या मध्यात ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले. तो काळ वनवासी गावांसाठी सुवर्णयुग होता, असे मानण्याचे कारण नाही. जमीनदार होते, पट्ट्या होत्या, वेठबिगारही होती. तथापि प्रत्येक फांदीचा हिशेब ठेवणारे स्वतंत्र वनखाते नव्हते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्यप्रांताची स्थापना झाली आणि चांदा हा त्याचा एक जिल्हा बनला. येथून जंगलाकडे पाहण्याची सरकारी दृष्टी वेगाने बदलली.

७/२०
या बदलामागील मोठे कारण होते रेल्वे. रुळांखालच्या स्लीपरांसाठी टिकाऊ लाकडाची मागणी प्रचंड वाढली. १८६४ मध्ये डिट्रिश ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाची हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक म्हणून नेमणूक झाली. सागाच्या दृष्टीने चांद्याचा दक्षिण भाग, विशेषतः आलापल्ली-अहेरीचा पट्टा, अत्यंत समृद्ध होता. जंगलाची किंमत आता सागावरून ठरू लागली. वनखात्याच्या मराठी परिभाषेत सागेतर लाकडाला आजही 'आडजात' म्हणतात. गंमत अशी की चुलीला सर्वांत प्रिय असलेले धावडा आणि ऐन याच आडजातीत मोडतात. गावाचा मुख्य वृक्ष सरकारच्या वहीत दुय्यम ठरला.

८/२०
पहिला वनकायदा १८६५ मध्ये आला. १८७८ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि वनांचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार केले. राखीव वनात ज्याला परवानगी नाही ते सारे निषिद्ध. संरक्षित वनात ज्याला मनाई नाही ते करण्यास मोकळीक. वन राखीव करण्यापूर्वी लोकांचे दावे मागवले जात, पण मुदतीत न मांडलेला हक्क साधारणपणे संपुष्टात येई. पिढ्यान्‌पिढ्या सरपण आणणाऱ्या निरक्षर गावकऱ्याने आपल्या नित्यकर्मासाठी अर्ज करावा, अशी ही अपेक्षा होती. ग्रामवनाचे प्रकरण मात्र बहुतांशी कागदावरच राहिले.

९/२०
हा कायदा घडताना सरकारमध्येच वाद झाला होता. बी. एच. बेडन-पॉवेल (स्काउट चळवळीच्या संस्थापकाचे सावत्र बंधू) यांचे म्हणणे असे की, राज्यकर्त्याने स्पष्टपणे दिलेला तोच हक्क. बाकीचा वापर ही केवळ सवलत, जी केव्हाही काढून घेता येते. ब्रँडिस यांना राज्याचे नियंत्रण हवे होते, पण गावांच्या रूढ वापराला मान्यता आणि गावांची स्वतःची वनेही हवी होती. कायद्यावर अखेरीस बेडन-पॉवेल यांच्या विचाराची छाप अधिक पडली. 'हक्क' आणि 'सवलत' या दोन शब्दांमधील अंतर पुढील सव्वाशे वर्षे चांद्याच्या मोळीने अनुभवले.

१०/२०
हा प्रश्न एकट्या हिंदुस्थानचा नव्हता. इंग्लंडमध्ये १२१७ च्या वनसनदेने सामान्य लोकांचे राजवनातील काही रूढ हक्क मान्य केले होते. त्यांत सरपणाचा हक्कही होता. उलट प्रशियाच्या ऱ्हाईन प्रांतात १८४०च्या दशकात वाळके लाकूड वेचणे चोरीत मोडावे काय, यावर विधिमंडळात खल झाला. त्यावर १८४२ मध्ये कोलोनच्या एका वृत्तपत्रात टीका करणारा तरुण पत्रकार म्हणजे कार्ल मार्क्स. पडलेली फांदी झाडापासून निसर्गानेच वेगळी केली आहे, मग ती उचलणाऱ्याने मालकाचे काय हिरावले, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. ब्रँडिस याच प्रांतातील बॉन शहरात जन्मले होते. दोन घटनांचा थेट संबंध जोडण्याचे कारण नाही. पण वाळकी फांदी कोणाची, हा वाद दोन्ही मुलखांत एकाच शतकात पेटला होता, एवढे खरे.

११/२०
चांद्यातील सारेच जंगल सरकारी झाले नव्हते. मध्यप्रांताच्या जमाबंदीत मालगुजारांना गावांची मालकी देण्यात आली. चांदा जिल्ह्याच्या अशा जमाबंदीचा मेजर ल्युसी स्मिथ यांचा अहवाल १८६९ चा आहे. त्याखेरीज अहेरीसारख्या मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. विदर्भातील 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, ज्या व्यवस्थेची आठवण देतात, तिचाच मालगुजारी जंगल हा दुसरा भाग. गावाच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात नोंदवल्या जात. गावच्या जंगलातून रयतेला मिळणाऱ्या सरपणाची आणि चराईची तजवीजही त्यात येई. कागदावर का होईना, निस्ताराला तेथे जागा होती.

१२/२०
मात्र या तजविजीची एक ठाम मर्यादा होती. लाकूड घरच्या चुलीसाठी, विक्रीसाठी नव्हे. मोळी घराकडे वळली तर निस्तार, बाजाराकडे वळली तर अपराध. प्रत्यक्षात भूमिहीन घरांसाठी मोळी विकून मीठ-तेल आणणे हाच अनेकदा शेवटचा आधार असे. दुसरीकडे वनखाते स्वतः जळाऊ लाकूड विकत होते. आजही आगारांतील विक्रीच्या जाहिरातींत 'जळाऊ बीट' हा शब्द आढळतो. चांद्याच्या पोटात कोळसाही होता. वरोऱ्याची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली आणि १९०६ मध्ये बंद पडली, तोवर बल्लारपूरचा कोळसा निघू लागला होता. पण तो कोळसा रेल्वेसाठी आणि कारखान्यांसाठी होता. खाणीपासून काही कोसांवरच्या गावातही चूल लाकडावरच पेटत राहिली.

१३/२०
१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जुनी चौकट पक्की केली. त्यातील 'इमारती लाकूड' या संज्ञेची व्याख्या वाचण्यासारखी आहे. उभी झाडे तोडली असोत वा आपोआप पडलेली असोत, लाकूड घडवलेले असो वा नसो, सारे त्या संज्ञेत येते. राखीव वनातून कोणतेही वनोत्पादन परवानगीविना नेणे हा अपराध ठरला. मूळ कायद्यातील शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. हिरवा साग तोडणारा आणि वाळकी फांदी उचलणारी बाई यांच्यातील फरक कायद्याच्या शब्दांत जवळजवळ उरला नाही. तो फरक करणे वनरक्षकाच्या मर्जीवर सोपवले गेले आणि ज्याच्या मर्जीवर चूल पेटते, त्याच्यापुढे मान खाली घालावीच लागते.

१४/२०
या असंतोषाला राजकीय रूप मिळाले ते १९३० मध्ये. विदर्भाला समुद्र नाही, त्यामुळे मिठाचा सत्याग्रह येथे थेट करता येत नव्हता. मग कोणता कायदा मोडायचा? उत्तर घराजवळच होते. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथे राखीव वनातील गवत कापून जंगल सत्याग्रहाचा प्रारंभ केला. कापले गेले ते गवत, पण प्रश्न संपूर्ण निस्ताराचा होता. मिठाप्रमाणेच गवत आणि सरपण हेही प्रत्येक घराला लागते, म्हणूनच सामान्य माणसाला हा सत्याग्रह समजावून सांगावा लागला नाही.

१५/२०
स्वातंत्र्यानंतर मालगुजारी व जमीनदारी १९५०च्या कायद्याने रद्द झाली. १९५१ मध्ये त्यांची जंगले शासनाकडे आली. मध्यस्थ गेला, ही मोठी सुधारणा होती. पण मालगुजाराशी गावाचा जो समोरासमोरचा, कधी भांडणाचा तर कधी तडजोडीचा व्यवहार होता, त्याच्या जागी आता दूरचे खाते आले. निस्ताराची नोंद 'निस्तार पत्रक' या अभिलेखात होऊ लागली. विदर्भ महाराष्ट्रात आल्यावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्येही ही तरतूद विदर्भासाठी टिकली. गावातील बिनभोगवट्याच्या जमिनीतून लाकूड, जळण व अन्य उपज कोणत्या अटींवर घ्यावी, हे त्यात नमूद करायचे असते. राखीव वनाला मात्र हे पत्रक लागू नव्हते.

१६/२०
त्याच काळात जंगलाचे औद्योगिक ग्राहक वाढले. बल्लारपूरच्या कागद कारखान्याची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि या जंगलांतील बांबू शासनाशी झालेल्या करारांद्वारे तिच्याकडे जाऊ लागला. १९७४ मध्ये महाराष्ट्र वनविकास महामंडळ अस्तित्वात आले. बांबूचे ट्रक ज्या रस्त्याने जात, त्याच रस्त्यावर मोळी अडवली जाई. वनाधिकाऱ्यांची बाजूही नोंदवली पाहिजे. शहरांजवळच्या वनांवर विक्रीच्या मोळ्यांचा ताण खरोखर वाढला होता. वाळके संपले की हिरव्या फांदीवर कुऱ्हाड पडते. शिवाय पडलेले लाकूड कीटकांचा, बुरशीचा आणि पक्ष्यांचा निवाराही असते. प्रश्न नियम असावा की नसावा, हा नव्हता. तो कोणी करावा, हा होता.

१७/२०
त्या प्रश्नाचे सर्वांत विचारपूर्वक उत्तर १९८२ मध्ये चांद्यापासून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्यातून आले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने १९८०च्या दशकापासून ग्रामसभा, सर्वसहमती आणि अभ्यासगट यांच्या आधारे जंगलाचे स्वतःचे नियम केले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा पुढे देशभर पोहोचली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या प्रयोगाशी जोडलेली आहेत. जंगलातून काय घ्यायचे आणि काय ठेवायचे, हे त्या जंगलावर जगणाऱ्यांनीच एकत्र बसून ठरवायचे, ही त्यामागची भूमिका. कायद्याची मान्यता तेव्हा तिला नव्हती.

१८/२०
ती मान्यता २००६ च्या वनहक्क कायद्याने दिली. त्या कायद्याच्या कलम ३ मध्ये सामूहिक हक्कांची यादी आहे आणि तिच्यात एक ओळखीचा शब्द थेट आला आहे, तो म्हणजे 'निस्तार'. तो कोणत्याही नावाने ओळखला जात असो, पूर्वीच्या संस्थानांत असो वा जमीनदारीत, सामूहिक हक्क म्हणून तो मान्य करण्यात आला. गौण वनोपजाच्या व्याख्येत बांबूबरोबर झुडपी लाकूड आणि खुंट यांचाही समावेश झाला. प्रास्ताविकात तर वनवासी समाजावर 'ऐतिहासिक अन्याय' झाल्याचे संसदेनेच मान्य केले. वाजिब-उल-अर्जातील, म्हणजे मालगुजाराच्या काळातील, हा शब्द १८७८ च्या सावलीतून बाहेर पडून पुन्हा हक्काच्या रकान्यात आला.

१९/२०
२००९ मध्ये मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये गावाच्या बांबूसाठी वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात उपस्थित होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये असा हक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने रोख पैसा देणारे तेंदूपान संकलन बंद करण्याचा निर्णय घेतला, कारण त्यासाठी होणारी छाटणी आणि लावल्या जाणाऱ्या आगी जंगलाला मारक ठरतात, असे गावाचे मत पडले. हक्क मिळताच लोक जंगल ओरबाडतील, ही भीती १८७८ पासून बोलून दाखवली जात होती. निदान पाचगावात हक्क हाती आल्यावर गावाने स्वतःच्या मिळकतीवर मर्यादा घातली.

२०/२०
म्हणून आज सारे सुरळीत आहे, असे नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस आला, तरी सिलिंडर पुन्हा भरण्याचा खर्च आणि अंतर यांमुळे चूल सुटलेली नाही. चुलीचा धूर स्त्रियांच्या फुप्फुसात जातो आणि ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या परिसरात सरपण वेचायला वाकलेल्या स्त्रीपुढे वाघाचे भयही उभे असते. हक्काचा कागद यांपैकी काहीच थांबवत नाही. पण त्या स्त्रीला चोर ठरवणारा कागद आणि तिला हक्कदार मानणारा कागद यांत जे अंतर आहे, ते कापायला १८७८ ते २००६ इतका काळ लागला. विदर्भातील वाचकांनी आपल्या गावाचे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज एकदा तहसील कार्यालयात जाऊन अवश्य पाहावे. पणजीच्या डोक्यावरच्या मोळीचा इतिहास कदाचित तेथे एका ओळीत नोंदवलेला असेल.